अटीतटीचा विजय आणि कोचचा निर्णय : कॉलेज फुटबॉलवाल्यांनो, इथे लिहा

घाटमाथा
काल अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली ऑरेगन-ओहायो स्टेट सामन्याची ती क्लिप पुन्हा समोर आली आणि जुना वाद ताजा झाला. १२ ऑक्टोबर २०२४, युजीन, ऑट्झन स्टेडियम. तिसऱ्या क्रमांकाच्या ऑरेगनने दुसऱ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटला ३२-३१ हरवलं. शेवटच्या दहा सेकंदांत ऑरेगनच्या कोचने, डॅन लॅनिंगने, अकराऐवजी बारा गडी मैदानात ठेवले. ते जाणूनबुजून केलं की चुकून झालं? आणि जाणूनबुजून असेल तर ती हुशारी म्हणायची की रडीचा डाव?

हिशोब असा होता. ओहायो स्टेटचा तिसरा डाउन (१० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न, त्यातला एकेक म्हणजे डाउन), अजून २५ यार्ड हवे होते, चेंडू ऑरेगनच्या ४३ यार्डांच्या रेषेवर, घड्याळात १० सेकंद. बारा गड्यांचा दंड ५ यार्ड, पण त्या खेळात गेलेले सेकंद तेव्हाच्या नियमाने परत मिळत नव्हते. पास जमिनीवर पडला, ४ सेकंद गेले. चेंडू ३८ वर आला आणि उरले ६. पुढच्या खेळात त्यांचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा गडी) विल हॉवर्ड स्वतःच धावत सुटला, घसरून बसेपर्यंत घड्याळ शून्यावर.

माझं म्हणणं एवढंच की जिंकलो म्हणून निर्णय बरोबर आणि हरलो म्हणून चूक, असं मोजू नका. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या) आधी कोचसमोर काय होतं तेवढंच धरा: डाउन कितवा, किती यार्ड हवेत, घड्याळात किती, टाइमआउट कुणाकडे किती. तुमच्या टीमचा एखादा निसटता विजय घ्या आणि असा सोलून लिहा.

बारावा_गडी
नियम नेमका काय बदलला ते आधी लिहिते, त्यात फार गल्लत होते. सामन्यानंतर आठवड्याच्या आत एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, खुलासा काढला. हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत, म्हणजे टू-मिनिट टाइमआउटनंतर, डिफेन्सचे (अडवणाऱ्या संघाचे) बारा किंवा जास्त गडी प्रत्यक्ष खेळात असतील तर ५ यार्ड, शिवाय ऑफेन्सला हवं असेल तर घड्याळ स्नॅपच्या वेळेवर मागे. बारावा गडी बाहेर पळत असेल आणि खेळात त्याचा काही हात नसेल तर नुसते ५ यार्ड, घड्याळ तसंच.

आता डावाची बाजू. हे वाटतं तितकं सोपं नाही. स्नॅप तोंडावर आलेला असताना पंचांना बारा गडी उभे दिसले तर ते स्नॅपआधीच शिट्टी मारतात. मग ५ यार्ड जातात आणि घड्याळातला एक सेकंदही जात नाही, म्हणजे हाती भोपळा. स्नॅप झाल्यावर पंचांचा दंडाचा झेंडा पडला तर ऑफेन्सला फुकटचा खेळ मिळतो: २० यार्ड मिळाले तर दंड नाकारायचा आणि यार्ड ठेवायचे. म्हणून बारावा गडी रशला, म्हणजे क्वार्टरबॅकच्या अंगावर, पाठवून उपयोग नाही, तो पासच्या वाटेतच हवा. ऑरेगनने तेच केलं. माझ्या मते ते ठरवून होतं, आणि दोन दिवसांनी लॅनिंगच्या बोलण्यातूनही सराव केल्याचंच सूचित झालं.

पहाटपाचची
रात्री साडेसातचा ईस्टर्नचा सामना म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे ५. नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागे गेलं की ६. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बाकी वाचतेय, कुकर लावून येते.

निळंपिवळं
रडीचा डाव अजिबात नाही. नियमात भोक होतं, त्यातून तो गेला आणि भोक बुजलं.

उलट मला ओहायो स्टेटच्या कोचबद्दल, रायन डेबद्दल विचारायचंय. ३८ वरून ६ सेकंद, मग लांबची किक (फील्ड गोल, ३ गुण) का नाही?

घाटमाथा
३८ अधिक १७ म्हणजे ५५ यार्ड. (१० यार्ड गोलरेषेपलीकडच्या एंड झोनचे, खांब त्याच्या मागच्या रेषेवर असतात; आणि साधारण ७ यार्ड मागे चेंडू धरणारा होल्डर बसतो.) ५५ ची किक कॉलेजात फार थोड्यांच्या पायात असते. बरोबर निर्णय म्हणजे साइडलाइनकडे ८-१० यार्डांचा झटपट पास. चार सेकंदांत उरकतो, गडी रेषेबाहेर गेला की घड्याळ थांबतं आणि किक ४५ च्या आसपास येते. क्वार्टरबॅकला आधीच बजावून ठेवायला हवं होतं की मधोमध धावायचं नाही, पहिला पर्याय झाकलेला दिसला तर चेंडू बाहेर फेक. ६ सेकंदांत धावून, घसरून, टाइमआउट मागून काही उरत नाही. म्हणून माझ्या लेखी ती चूक खेळाडूपेक्षा तयारीची.

रंकाळा
शीर्षकात फुटबॉल बघून धावत आलो, वाटलं कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचं काहीतरी. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असेल म्हटलं 😄 असो, आलोच आहे तर सांगतो. आमच्या फुटबॉलमध्ये हा डाव चालणारच नाही. बारावा आत येऊन खेळात लुडबुड करताना दिसला की रेफरी खेळ थांबवतो, त्याला पिवळं कार्ड दाखवून बाहेर काढतो. बारा असताना त्या टीमने गोल मारला आणि खेळ पुन्हा सुरू होण्याआधी ते लक्षात आलं तर गोलही रद्द. वाया गेलेला वेळ रेफरीच शेवटी वाढवून देतो, मग घड्याळ खाऊन मिळणार काय?

बारावा_गडी
@रंकाळा, अगदी हाच फरक. तिकडे वेळ रेफरीच्या मनगटावर, इकडे सगळ्यांना दिसणाऱ्या फलकावर. म्हणून अमेरिकन फुटबॉलच्या कोचला घड्याळ हेच वेगळं हत्यार मिळतं.

चौथा_डाउन
लॅनिंगचा उदोउदो चाललाय तर एक वर्ष मागे जाऊ. १४ ऑक्टोबर २०२३, सिॲटल, वॉशिंग्टन ३६ ऑरेगन ३३. त्या दिवशी ऑरेगनने चौथ्या डाउनला किक न मारता तीनदा जोखीम घेतली, तिन्ही फसल्या. सगळे शिव्या देतात शेवटच्या जोखमीला: २:११ बाकी, चेंडू वॉशिंग्टनच्या ४७ वर, ३ यार्ड हवेत, ऑरेगन ४ गुणांनी पुढे. मला ती पटते. पंट केला असता (चेंडू लाथेने दूर धाडून दिला असता) तर वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्सला स्वतःच्या १०-१५ वरून सुरुवात, म्हणजे ३२-३७ यार्डांचा फायदा. पण समोर पेनिक्स आणि त्याचे पास झेलणारा रोम ओडुन्झे असताना दोन मिनिटांत ८५ यार्डही सुरक्षित नाहीत. उलट ३ यार्ड मिळाले असते तर सामना जवळपास संपलाच होता.

मला न पटलेला निर्णय पहिल्या हाफच्या शेवटचा. गोलरेषेपासून ३ यार्डांवर चौथा डाउन, फील्ड गोल म्हणजे २० यार्डांची किक, ती सोडली. गोलरेषेजवळ जोखीम घ्यायचं मुख्य कारण असतं की फसलो तरी समोरचा स्वतःच्या २-३ वर अडकतो. हाफ संपत असेल तर ते कारणच उरत नाही! अडकवणार कुणाला? तिथे ३ गुण घ्यायचे. शेवटी ३ नेच हरले, बरोबरीची ४३ यार्डांची किक बाहेर गेली.

काळा_मसाला
आज काय केलंय सगळ्यांनी? सामन्याच्या दिवशी इकडे मंडळी चिकन विंग्ज आणतात, आमच्याकडे कांदाभजी आणि लसणाची चटणी. हिरवी मिरची बेतानेच घाला, शेजारचे पण खातात.

पहाटपाचची
@काळा_मसाला ताई, भज्यांच्या पिठात चमचाभर तांदळाचं पीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन घाला, दुसऱ्या क्वार्टरपर्यंत कुरकुरीत राहतात. पाणी अजिबात घालू नका, कांद्याला मीठ लावून दहा मिनिटं ठेवलं की तेवढं पाणी पुरतं.

निळंपिवळं
भजी राहू द्या, मिशिगनचं लिहितो. ३० नोव्हेंबर २०२४, कोलंबस, मिशिगन १३ ओहायो स्टेट १०. आमचा क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरेनचे पासचे एकूण ६२ यार्ड आणि दोन इंटरसेप्शन (पास समोरच्यांनी पकडले). आमच्यातलेच कित्येक अजून म्हणतात की तेव्हाच्या कोचने, शेरॉन मूरने, हवेतून खेळायला हवं होतं. का? ज्या दिवशी पास चालत नाही त्या दिवशी चेंडू घेऊन धावणाऱ्या कालेल मुलिंग्जला ३२ वेळा चेंडू देणं हाच शहाणपणा. ११६ यार्ड काढले त्याने. शेवटच्या चढाईत तिसऱ्या डाउनला त्याने २७ यार्ड मारले, ते पासची वाट बघणाऱ्या डिफेन्सच्या अंगावरून. मग डॉमिनिक झ्वाडाची २१ यार्डांची किक, ४५ सेकंद बाकी.

आणि किकसाठी चेंडू कुठे ठेवता ते बघा. कॉलेजात हॅश मार्क (मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळी, त्यांच्या बाहेर चेंडू ठेवत नाहीत) एकमेकांपासून ४० फूट, व्यावसायिक एनएफएलमध्ये साडेअठरा. खांबांमधलं अंतर दोन्हीकडे साडेअठराच. म्हणजे कॉलेजात हॅशवरून मारलं तर चेंडू मधल्या रेषेपासून २० फूट बाजूला, आणि किक जितकी जवळची तितका कोन वाईट. म्हणून शेवटच्या धावेला गड्याला सांगायचं असतं की यार्ड मिळोत न मिळोत, मधोमध पड. ओहायो स्टेटच्या त्या दिवशी ३४ आणि ३८ च्या दोन किक हुकल्या, ६ गुण तिथेच.

घाटमाथा
हॅशचा मुद्दा फार मोलाचा. टीव्हीवर नुसतं ‘सोपी किक होती’ म्हणतात तेव्हा जीव तुटतो.

टेम्पी_ते_पुणे
पीच बोल, १ जानेवारी २०२५, टेक्सस ३९ ॲरिझोना स्टेट ३१, दोन ओव्हरटाइम. जिंकले तरी टेक्ससवाले कोच सार्किसियनवर चिडलेले, कारण २४-२४ असताना शेवटी किकवर विसंबले आणि दोन किक चुकल्या, दुसरी ३८ यार्डांची खांबाला लागली.

पण माझं दुःख वेगळंय, मी एएसयूचा, म्हणजे ॲरिझोना स्टेटचा. पहिला ओव्हरटाइम, टेक्ससचा चौथा डाउन, १३ यार्ड हवेत, चेंडू २८ वर. आपण ब्लिट्झ केला (जास्तीचे गडी क्वार्टरबॅकवर सोडले). टेक्ससच्या मॅथ्यू गोल्डनला मोकळा सोडून दिला म्हणा ना, चेंडू थेट एंड झोनमध्ये, ६ गुण. टचडाउन. १३ यार्ड हवे असताना चार जण रशला पुरे, उरलेले सात मागे उभे करा. २८ वरून एंड झोनच्या मागच्या रेषेपर्यंत ३८ यार्डच आहेत, तेवढ्या जागेत सात जणांना काही झाकता येत नाही असं नाही.

चौथा_डाउन
@टेम्पी_ते_पुणे दादा, वाईट वाटलं होतं तेव्हा. पण ब्लिट्झची बाजूही आहे. सात मागे ठेवले की क्वार्टरबॅकला चार-पाच सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात कुणीतरी मोकळा होतोच. ब्लिट्झने पास अडीच सेकंदांत फेकायला लावायचा. तेवढ्यात १३ यार्ड जाऊन वळणारा रूट (झेलणाऱ्याची पळायची वाट) पुरा होत नाही, पण सरळ उभा पळणारा रूट पुरा होतो. नेमका तोच आला. मागे एकच सेफ्टी (सर्वात मागचा राखणदार) मध्यावर ठेवला असता तरी चाललं असतं.

टेम्पी_ते_पुणे
हं. हे मान्य. सेफ्टी हवाच होता.

शेवटचीलोकल
गुडघा टेकून खेळ तिथेच संपवायचा आणि घड्याळ घालवायचं, हा हिशोब कुणी लिहिला नाही अजून? ट्रेनमध्ये आहे, थोडक्यात. पहिला डाउन तुमचा, तुम्ही पुढे. गुडघा टेकायला २ सेकंद, मग पुढच्या स्नॅपपर्यंत ४० सेकंदांचं प्ले क्लॉक. तीनदा केलं की १२६ सेकंद. समोरच्याचा प्रत्येक टाइमआउट ४० खातो. म्हणून त्याच्याकडे टाइमआउट शून्य तर साधारण २ मिनिटं, एक तर ८६ सेकंद, दोन तर ४६, तिन्ही असतील तर ६. घड्याळ याच्या आत असेल तर चेंडू कुणाच्याही हातात द्यायचा नाही.

७ ऑक्टोबर २०२३. मायामी २०, जॉर्जिया टेक १७. तिसरा डाउन, ३३ सेकंद, टेककडे टाइमआउट शून्य. एक गुडघा आणि घरी. मायामीच्या कोचने, मारिओ क्रिस्टोबालने, धाव दिली, चेंडू सुटला, टेकने २६ सेकंद असताना स्वतःच्या २६ वरून सुरुवात केली आणि १ सेकंद उरला असताना टचडाउन. २३-२०. इथे दुसरी बाजूच नाही.

काळा_मसाला
अगं बाई! म्हणजे नुसतं बसायचं होतं?

शेवटचीलोकल
हो ताई, नुसतं बसायचं होतं.

बारावा_गडी
किक सिक्स राहिलंच. ३० नोव्हेंबर २०१३, ऑबर्न ३४ अलाबामा २८. २८-२८ असताना अलाबामाच्या तेव्हाच्या कोचने, निक सेबननेच, पंचांकडून १ सेकंद परत मागून घेतला आणि ५७ यार्डांची किक लावली. आखूड पडली, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने एंड झोनच्या मागच्या कडेशी पकडली आणि थेट पलीकडे नेली. लोक अंतराला दोष देतात. माझा आक्षेप गड्यांवर आहे. फील्ड गोलच्या संघात अडवायला उभे केलेले धिप्पाड लाइनमन असतात, पळणाऱ्याला गाठणारे नव्हेत. किक आखूड पडण्याची शक्यता असेल तर दोन्ही टोकांना वेगवान गडी हवेत, आणि लाइनमनला पक्कं सांगितलेलं हवं की चेंडू उडाला की लगेच पांगा आणि उलट पळा. ऑबर्नने मागे माणूस उभा केलेला सगळ्यांना दिसत होता, तेव्हाच समजायला हवं होतं.

निळंपिवळं
१४ ने मागे असताना पहिल्या टचडाउननंतर एका गुणाच्या किकऐवजी दोन गुणांचा प्रयत्न (३ यार्डांवरून एकच खेळ), यावर काय मत? आमच्याकडे दर वेळी भांडण.

चौथा_डाउन
करावाच. टचडाउननंतर ८ ने मागे आहात, आणखी एक टचडाउन मिळेल असं धरूनच खेळताय, किक पक्की धरू. ३ यार्डांवरून दोन गुण मिळण्याची शक्यता ४५ टक्के धरा. आता जमलं तर पुढच्या टचडाउनला साधी किक आणि थेट विजय: ४५ टक्के. नाही जमलं तर पुढच्या वेळी पुन्हा दोनसाठी जायचं, ५५ पैकी ४५ टक्के म्हणजे सुमारे २५ टक्क्यांत बरोबरी, त्यातला निम्मा ओव्हरटाइम तुमचा. एकूण ५७ च्या वर. दोन्ही वेळा नुसती किक मारली तर ५०. शक्यता ३८ टक्क्यांच्या खाली असेल तरच किक बरी.

कोच घाबरतात कारण पहिला प्रयत्न फसला की टीव्हीवर लगेच टीका. पण पहिला प्रयत्न आधी केल्याने पुढे काय लागणार हे कळतं, तीच खरी कमाई.

निळंपिवळं
आणि टचडाउनने १ ने पुढे गेलो तर?

चौथा_डाउन
शेवटच्या क्वार्टरमध्ये असाल तर दोनसाठीच. १ ने पुढे काय आणि २ ने पुढे काय, समोरच्याचा फील्ड गोल दोन्हीत तुम्हाला हरवतो. ३ ने पुढे असाल तर त्याच फील्ड गोलने फक्त बरोबरी. ५ ने पुढे असतानाही तेच, ७ करायचे. भाकऱ्या टाकायच्यात, बाकीचा तक्ता रात्री लिहितो.