सॉल्व्हन्सी १.५० च्या वर, म्हणजे विमा कंपनी भक्कम?

गिरगाव_गणित
सॉल्व्हन्सी रेशो म्हणजे कंपनीकडचं उपलब्ध मार्जिन (देणी भागवून उरणारी मालमत्ता) भागिले नियमाने लागणारं मार्जिन. इर्डाची, म्हणजे विमा नियामकाची, अट १.५० ची. कंपनीने १.७० दाखवला की लोक निर्धास्त होतात. माझ्या मते हा आकडा जोखीम मोजतच नाही, फक्त धंद्याचं आकारमान मोजतो.

सर्वसाधारण विम्याचं सूत्र बघा. पुनर्विमा (कंपनीने आपली जोखीम पुढे दुसऱ्या कंपनीकडे उतरवणं) वजा जाता उरलेला निव्वळ प्रीमियम एकीकडे, एकूण प्रीमियम गुणिले त्या वर्गासाठी ठरलेला गुणक दुसरीकडे. यांतला जो मोठा, त्याचे २० टक्के. दाव्यांवरही हेच गणित, फक्त तिथे ३० टक्के. या दोन उत्तरांतलं मोठं म्हणजे त्या वर्गासाठी लागणारं मार्जिन. आगीच्या विम्याचा गुणक ०.५०. समजा एकूण प्रीमियम ४०० कोटी, निव्वळ १०० कोटी. ४०० चे निम्मे २००, त्याचे २० टक्के म्हणजे ४० कोटी. आता त्याच इमारती दुसऱ्या कंपनीने दर पाडून ३०० कोटींत उचलल्या, तर तिला ३० कोटी पुरतात. जोखीम तीच, पैसे कमी घेतले, आणि भांडवलही कमी लागलं! हे उफराटं आहे.

शिवाय त्या सगळ्या इमारती कुर्ल्यापासून बीकेसीपर्यंत मिठीच्या काठाला असोत की राज्यभर विखुरलेल्या, उत्तर बदलत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, ते या सूत्राला कुठे दिसतं? गुंतवणुकीचंही तसंच. आयएल अँड एफएस या वित्तकंपनीच्या रोख्यांचा पतदर्जा सप्टेंबर २०१८ मध्ये 'डी' पर्यंत, म्हणजे पैसे थकल्याच्या दर्जापर्यंत, घसरला. त्याआधी 'एएए' हा सर्वोच्च दर्जा असताना त्यांच्यासाठी सरकारी रोख्यांपेक्षा जास्त मार्जिन कोणी मागत नव्हतं. युरोपात सॉल्व्हन्सी टू, म्हणजे जोखमीनुसार भांडवल मागणारी नियमावली, १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. आपल्याकडेही जोखमीवर आधारित भांडवल, म्हणजे आरबीसी, तातडीने हवं.

फोर्ट_हिशेब
दाव्यांचा भाग तुम्ही घाईत उरकलात. गुणक बाजूला ठेवला तर दावे प्रीमियमच्या दोन तृतीयांशांवर गेले की ३० टक्क्यांचा आकडा २० टक्क्यांच्या आकड्याला मागे टाकतो. दर पाडणाऱ्याला चाप बसतोच. उशिरा बसतो, हे कबूल.

आरबीसीबद्दल मला खरी काळजी आहे. सॉल्व्हन्सी टूची पातळी ९९.५ टक्क्यांची, म्हणजे दोनशे वर्षांतून एकदा येईल अशा वर्षाला पुरेल एवढं भांडवल. आपल्याकडे आगीचे आणि मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले १ जानेवारी २००७ ला. त्याआधी टॅरिफ, म्हणजे ठरवून दिलेले दर, होतं. एवढ्याशा काळाच्या आकड्यांवरून दोनशे वर्षांचा पूर काढायचा, तर त्यात माहिती थोडी आणि गृहीतकं फार असणार. आजचं सूत्र कोणीही कॅल्क्युलेटर घेऊन तपासू शकतो. ही पडताळणी मला मोलाची वाटते.

डोंबिवली_लोकल
१.५० च्या खाली गेली तर दावा बुडतो का?

फोर्ट_हिशेब
नाही. १.०० म्हणजे लागणारं मार्जिन जेमतेम भरलं. १.५० ही नियंत्रणाची पातळी. त्याखाली गेल्यावर कंपनीला तूट कशी भरून काढणार याची योजना इर्डाला द्यावी लागते, आणि इर्डा नवा धंदा थांबवू शकते. रिलायन्स हेल्थ ही आरोग्यविमा कंपनी ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिला नवीन पॉलिसी बंद करायला सांगून तिच्या जुन्या पॉलिसी रिलायन्स जनरलकडे वर्ग केल्या. पॉलिसीधारकांचं संरक्षण चालू राहिलं.

माटुंगा_तरतूद
तुम्ही दोघं रेशोच्या छेदावर, म्हणजे लागणाऱ्या मार्जिनवर, भांडताय. घोळ अंशात, म्हणजे उपलब्ध मार्जिनमध्ये, होतो.

उपलब्ध मार्जिन म्हणजे ग्राह्य मालमत्ता वजा देणी. एजंटांकडे ३० दिवसांहून जुनी येणी असतील तर ती शून्य धरायची. सहविमा कंपन्यांकडची (एकाच विम्यात वाटा घेणाऱ्या कंपन्यांकडची) ९० दिवसांहून जुनी असतील तर शून्य. फर्निचर शून्य. इथवर नियम स्वच्छ आहे. देण्यांत मात्र आयबीएनआर बसतो, म्हणजे घडून गेलेल्या पण अजून कळवल्या न गेलेल्या दाव्यांची तरतूद. हा आकडा अंदाजाचा. समजा देणी ६०० कोटी, उपलब्ध मार्जिन ९० कोटी, आवश्यक ५० कोटी. रेशो १.८०. देणी ३ टक्के कमी धरली गेली असतील, तर १८ कोटी गेले. उरले ७२, रेशो १.४४! बाहेरच्याला पत्ताही लागत नाही.

मोटार थर्ड पार्टीत हे हमखास होतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतली अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची अट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. दावे येण्याचा वेग वाढला, की जुन्या अपघातवर्षांचे गुणक (आलेल्या दाव्यांवरून एकूण किती येतील हे काढण्याचे, मार्जिनचे नव्हेत) तसेच लावल्यास तरतूद फुगते. उलट दावे लवकर आले म्हणजे कमीच येणार, असं धरून गुणक कापले तर ती अपुरी पडते. म्हणून तरतूद गेल्या वर्षी किती धरली आणि प्रत्यक्षात किती लागली, हा तक्ता आधी बघा.

गिरगाव_गणित
माहिती तोकडी आहे, हे मान्य. पण जुनं सूत्र तरी कुठे अढळ आहे? नोव्हेंबर २०२२ मध्ये पीकविम्याचा गुणक ०.७० वरून ०.५० केला. त्या वर्षी अवकाळी पावसाची जोखीम कमी झाली होती का? भांडवल मोकळं करायचं होतं, म्हणून आकडा बदलला. आणि नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी विमा कंपन्या १.५० च्या खाली असूनही पॉलिसी विकत राहिल्या. सरकारने २०१९-२० ते २०२१-२२ या काळात त्यांत १७,४५० कोटी ओतले. खासगी कंपनी वर्षभरात बंद आणि यांना मुभा, हे पटत नाही.

फोर्ट_हिशेब
हा अंमलबजावणीचा दोष, सूत्राचा नव्हे. आरबीसी आणली तरी मुभा देणारे देतीलच. पण तुमच्या रागाशी मी सहमत आहे. सवलत दिली तर ती कोणत्या अटीवर आणि कधीपर्यंत, हे कंपनीच्या तिमाही प्रकटनातच छापायला लावावं.

माटुंगा_तरतूद
डोंबिवलीकर, ही प्रकटनं कंपनीच्या वेबसाइटवर मिळतात. जीवन विम्याचा रेशो एल-३२ या फॉर्ममध्ये असतो. सर्वसाधारण विम्याचा रेशो एनएल-२६ मध्ये असतो, पण सुरुवात एनएल-२३ मधल्या ग्राह्य मालमत्तेपासून आणि एनएल-२४ मधल्या देण्यांपासून करा. एकच तिमाही बघू नका, सलग चार लावा. प्रीमियम झपाट्याने वाढतोय, देणी जागेवरच आहेत आणि रेशोही टिकून आहे, असं दिसलं तर तिथेच थांबून आयबीएनआर तपासा.