कैद्यांचं समुपदेशन: गरज, की करदात्यांच्या पैशाने चाललेले लाड?

पारावरचा_मास्तर (धागाकर्ता)

शाळेतून निवृत्त झाल्यावर तीन वर्षं दर गुरुवारी मी एका जिल्हा कारागृहात साक्षरतेचा वर्ग घ्यायला जात होतो. कुठलं कारागृह ते सांगत नाही. त्या तीन वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली. आत दिवस कामाने नाही, वाट बघण्याने भरलेला असतो. तारखेची वाट, मुलाकातीची वाट, कोर्टात नेणाऱ्या गाडीला पोलीस पार्टी मिळण्याची वाट. बाविशीतलं एक पोर चोरीच्या गुन्ह्यात होतं. बाराखडी घोटून झाली, आईला पत्र लिहायला घेतलं. चौथ्या ओळीवर दुसऱ्या तुरुंगात बदली. वही माझ्याकडेच राहिली.

२०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत पाचशे बंद्यांमागे एक समुपदेशक सांगितला आहे. आमच्याकडे वर्षातून दोनदा व्याख्याते येत, हार-तुरे, फोटो, "मनावर ताबा ठेवा", संपलं. याला समुपदेशन म्हणत असतील तर ते बंद करा, माझी हरकत नाही. पण खरं, आठवड्याला एकाच माणसाने एकाच माणसाशी बोलायचं समुपदेशन हवं, आणि त्यावर सरकारने पैसा घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. विरोधी मतं वाचायला आवडतील.

झणझणीत_रस्सा

मास्तर, आदर आहे, पण तुरुंग आहे की संस्कार शिबिर? २०२२ पासून येरवड्यात राज्य सहकारी बँक बंद्यांना ५० हजारांपर्यंत कर्ज देते, ७ टक्क्यांनी. नाव काय, तर "जिव्हाळा"! माझ्या भावाला दुकानासाठी कर्ज हवं होतं तर दोन जामीनदार आणि सहा खेपा. म्हणजे आधी गुन्हा करायचा, मग जिव्हाळा मिळणार.

लोखंडी_दार

एकतीस वर्षं कारागृह खात्यात काढली, शिपाई ते सुभेदार. रस्सादादा, ते कर्ज बंद्याच्या खिशात जात नाही. घरच्यांच्या अडचणीला किंवा वकिलाच्या फीला जातं आणि आतल्या कामाच्या मजुरीतून फिटतं. बाहेर पोरीची फी थकली की आत बाप भिंतीवर डोकं आपटतो, आणि रात्रपाळीला ते आम्हाला निस्तरावं लागतं.

आता मास्तरांना. समुपदेशनाला पक्के, म्हणजे शिक्षा झालेले, कैदी येतात ते बऱ्याचदा वर्तणूक चांगली लिहून यावी म्हणून. वर्तणुकीवर शिक्षेत माफीचे दिवस मिळतात, रजा मिळते. मी याला ढोंग म्हणत नाही, पण मन सुधारलं असंही म्हणत नाही. माझा अनुभव विचाराल तर ज्याची मुलाकात चुकत नाही तो बराकीत भांडत नाही. ज्याला कुणी भेटायला येत नाही तो पेटलेला असतो. मानसशास्त्रवाल्यापेक्षा घरचा फोन स्वस्त पडतो.

पुढची_तारीख

मी फौजदारी वकिली करते. सगळे "कैदी" म्हणताय, पण कोणता? २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे कच्चे. शंभरातले जवळपास शहात्तर. त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, तर सुधारणार कशातून? त्यांना कामाची सक्ती नाही, माफीचा प्रश्न नाही, संचित रजा (शिक्षा भोगताना काही दिवस घरी जायची सुट्टी) नाही. कार्यक्रम सगळे पक्क्यांसाठी. मास्तरांचं ते पोर कच्चंच असणार. त्याला समुपदेशकाच्या आधी वकील हवा होता. नव्या कायद्यातल्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ४७९ कलमाने पहिल्याच गुन्ह्यातल्या माणसाला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर बाहेर येता येतं (जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळून, आणि दुसरा खटला चालू नसेल तर). आतल्या किती जणांना हे कुणी समजावून सांगितलंय?

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या "प्रयास"ने १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत हेच केलं. आधी जामीन, कागद, घरचा पत्ता. मग मनाचं.

पारावरचा_मास्तर

ताई, कच्चंच होतं. मान्य.

माणदेशी_माती

आटपाडीचा आहे म्हणून लिहितो, कारण आता कुणीतरी स्वतंत्रपूरचं नाव काढणारच. १९३९ साली औंध संस्थानात, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आणि राजेसाहेबांच्या पाठबळावर ही खुली वसाहत झाली. भिंत नाही, बंदी शेती करतात, बायकापोरं सोबत राहतात. शांतारामबापूंनी त्यावर "दो आँखें बारह हाथ" काढला आणि आम्ही कायमचे हळवे झालो.

पण आकडा बघा. तिथे मूठभर कुटुंबं. निवडही चाळणी लावून, शिक्षेचा मोठा भाग नीट काढलेल्यांची. चांगली चाललेली माणसं निवडायची आणि मग "बघा, चांगली चालली" म्हणायचं, याला प्रयोग कसं म्हणू? तरी बंद करा असं म्हणणार नाही. लहानपणी तिथली वांगी आमच्या घरी यायची, कुणाचा हात लागलाय हे आजीने कधी विचारलं नाही.

झणझणीत_रस्सा

वांग्यांवरून न्याय ठरवायचा का आता? तिहारमध्ये १९९४ ला हजारावर कैदी विपश्यनेला बसवले, किरण बेदींचं केवढं कौतुक झालं. पुढे तिहार काय आश्रम झाला? ज्याचं माणूस गेलं त्याला विचारा.

बांधावरचा

विचारा.

२०११ मध्ये माझा थोरला भाऊ बांधाच्या वादात गेला. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. मागच्या वर्षी तो संचित रजेवर आला. आम्हाला कुणी कळवलं नाही. आई बाजारातून येताना एसटी स्टँडवर तो समोर उभा. तिने पिशवी तिथंच टाकली आणि चालत घरी आली, चार किलोमीटर. त्यानंतर ती बाजारात गेलेली नाही.

त्याला आत समुपदेशक द्या, मी आडवा येत नाही. आमच्या आईकडे चौदा वर्षांत कोण आलं?

पुढची_तारीख

दादा, याला माझ्याकडे उत्तर नाही. कायद्यात आहे ते सांगते. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या खटल्यात बंद्यांना न्याय्य मजुरी द्या म्हटलं, आणि त्यातला काही भाग पीडितांसाठी काढण्याचा कायदा राज्यांनी करावा असंही. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. कागद मी करून देईन, फी नको.

बांधावरचा

त्याच्या मजुरीचे पैसे आमच्या घरात नकोत. अर्जाचं बघू.

लोखंडी_दार

भाऊ, रजेच्या अर्जावर गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. बाहेर आल्यावर तंटा होईल का, हे त्यात लिहायचं असतं. तुमच्याकडे विचारायला कुणी आलं नाही म्हणजे तो अहवाल खुर्चीत बसून लिहिला. पुढच्या वेळी ठाण्यात आधीच लेखी हरकत द्या, पोच घ्या.

झणझणीत_रस्सा

म्हणजे इथेही माणसं कमी. मास्तर, तुमचे समुपदेशक आणि हा अहवाल लिहिणारा हवालदार यांत आधी कोणावर पैसा घालाल? एकच सांगा.

पारावरचा_मास्तर

हवालदार. आणि तोच जर आईशी बोलून आला असता, तर अर्धं काम तिथंच झालं असतं. बाकीच्या अर्ध्यासाठी मला माझा माणूस हवाच आहे, ते मी सोडत नाही.

बांधावरचा

एक विचारायचं होतं, सुभेदारसाहेब. भाऊ आणि तो, दोघं लहानपणापासून एकाच विहिरीवर पोहायचे. त्या सकाळी बांधावर नेमकं काय बोलणं झालं, ते आता फक्त त्याला माहीत आहे. फिर्यादीकडच्या माणसाला मुलाकात मिळते का?

लोखंडी_दार

माझ्या नोकरीत असा अर्ज घेऊन कुणी आलेलं पाहिलं नाही. वकीलबाईंनी कागद केला तर मी सोबत येतो. साहेब अर्ज ठेवून घेतील, दोन-तीन तास बाकावर बसवतील. तेवढी तयारी ठेवा.