क्वाडबॉल वर्ल्डकपात अमेरिका कधी हरते का?

निकालवेडी: क्वाडबॉलचे (हॅरी पॉटरमधल्या क्विडिचवरून आलेला खेळ) जुने निकाल चाळतेय. २०१२ ऑक्सफर्ड, २०१४ बर्नाबी, २०१८ फ्लॉरेन्स, २०२३ रिचमंड. सगळीकडे अमेरिकाच! बाकीचे देश येतात तरी कशाला?

बीटर_नंबर_दोन: २०१६ गाळलंस की! फ्रँकफर्टची फायनल ऑस्ट्रेलियाने मारली, १५०-१३०. कशी ते बघ. गोलला १० गुण, आणि तटस्थ धावपटूच्या कमरेला लटकणारा मोज्यातला टेनिस बॉल ओढला की तेव्हा ३०. ऑस्ट्रेलिया १० ने मागे. त्यांच्या सीकरने (तो बॉल ओढणं हेच ज्याचं काम) तो ओढला, आणि तेव्हाच्या नियमाने सामना तिथेच खलास. मी अजूनही तो शेवट परत परत बघतो. (अमेरिकेचे चाहते बघत नसावेत.)

मैदानावरचा_कावळा: पण आता तसं नाही. बॉल ओढला तरी सामना संपेलच असं नाही, गुणांचं ठरलेलं लक्ष्य गाठावं लागतं. मला हेच बरं वाटतं. नाहीतर गोल करणारे तीन चेसर आणि गोल राखणारा कीपर घाम गाळणार, आणि निकाल एका झडपेवर.

निकालवेडी: म्हणजे मागे पडलेल्या संघाने आता बॉल ओढायची घाई करायचीच नाही?

बीटर_नंबर_दोन: करायची, पण गुणांचा हिशेब बघून. तोवर दोघा बीटरांनी समोरच्या सीकरला डॉजबॉलने हाणत राहायचं. आमचं काम तेच.