फ्लॅटमालक पुण्यात, थकबाकी ३८ महिन्यांची, पाणी मात्र लेकरांचं तोडा म्हणतात

खजिनदारबाई, लातूर

आमचं २४ घरांचं अपार्टमेंट. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांपूर्वी खजिनदारकी माझ्याकडं आली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचे मालक पुण्याला असतात. ३८ महिन्यांपासून एक रुपया दिला नाही. मेंटेनन्स १५०० आणि भाडेकरू ठेवला म्हणून ५०० जादा, असे मिळून ७६,००० झाले. फोन केला की म्हणतात, "मी तिथं राहतच नाही, कशाचे पैसे?" भाडं मात्र दर महिन्याला घेतात.

त्या घरात नीटची तयारी करणारी चार पोरं राहतात. एक हिंगोलीचं, बाकी तिघं बीडकडची. गेल्या बैठकीत ठरलं की त्यांचं पाणी बंद करायचं, मग मालक आपोआप येईल. मी सही केली नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी याच गावात घागर घेऊन रांगेत उभी होते. ऐन मे महिन्यात लेकरांचं पाणी तोडायला माझा हात धजत नाही. पण टँकरवाल्याचं बिल बाकीच्या २३ घरांनी किती दिवस भरायचं? रीतसर वसुली कशी करतात, कुणी केली असेल तर सांगा.

परभणीकर

ताई, आम्ही थकबाकीदाराचं नाव फळ्यावर लावलं होतं. गडी आणखीच अडून बसला. त्या नादाला लागू नका.

सचिव, नांदेड

बाई, सही केली नाही हे बरोबर केलं. वसुलीसाठी पाणी तोडायचा अधिकार उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, देत नाहीत. उद्या तोच मालक तुमच्यावर तक्रार करील.

आधी नोंदणीचा कागद काढा. आपण सगळ्यालाच अपार्टमेंट म्हणतो. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र झालं असेल, तर थकबाकी हा त्या फ्लॅटवरचा बोजा असतो आणि वसुलीची वाट वेगळी असते. सहकारी संस्था असेल तर वाट सोपी आहे. सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडं वसुली दाखल्यासाठी अर्ज करायचा. पूर्वी हेच कलम १०१ खाली चालायचं. दोन्ही बाजू ऐकून दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. आमच्याकडं जप्तीची वेळच आली नाही, नोटीस लागली आणि माणूस चेक घेऊन आला.

अर्जाला कमिटीचा ठराव, महिनावार खातेउतारा, बिलांच्या प्रती आणि नोटिशींच्या पोचपावत्या लागतात. आमचा पहिला अर्ज पोचपावत्या नाहीत म्हणून अडकला होता, चार महिने गेले.

आणि ते ५०० रुपये कुठून आणले? १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार भाडेकरू असला तर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच जादा घेता येतात. हा आकडा तसाच नेला तर सुनावणीत पहिलं बोट त्यावरच ठेवतील.

खजिनदारबाई, लातूर

सर, कपाटातली जुनी फाईल काढली. गेटच्या पाटीवर अपार्टमेंट लिहिलंय, पण प्रमाणपत्रावर सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. इतकी वर्षं कुणी बघितलंच नव्हतं.

१५०० मधलं सेवाशुल्क १००० आहे, बाकी पाणी आणि निधी. म्हणजे जादाचे १०० च बसतात. ३८ महिन्यांचे ६०,८०० होतात. १५,२०० रुपये आपण चुकीचे लावले होते, हे काल बैठकीत मी उभं राहून वाचून दाखवलं. दोघं चिडले. पण भाडेकरू असलेल्या बाकीच्या पाच घरांकडूनही आपण ते घेतलेत, त्यांचे पुढच्या बिलांत वळते करावेच लागतील.

पाणी तोडायचा ठराव मागं घेतला. दुरुस्त बिल आणि नोटीस आज पुण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवली. पोचपावती आली की ती याच फाईलला लावते.

परभणीकर

ताई, पाकिटावर फ्लॅट नंबर टाकलाय ना? आमची एक नोटीस त्यावाचून परत आली होती.

खजिनदारबाई, लातूर

टाकलाय. भाडेकरार हिंगोलीच्या पोराकडं होता, पत्ता त्यावरूनच मिळाला.