शाशाची 'द डे ऑफ द आउल': सगळे सुटणार असतील तर तपास कशाला वाचायचा?

('शेवटचं पान', 'तिरकस' आणि 'निमूट' ही या गप्पांतल्या तीन वाचकांची टोपणनावं.)

शेवटचं पान: लिओनार्दो शाशाची ही १९६१ची इटालियन कादंबरी. सिसिलीतल्या एका गावात पहाटे पालेर्मोची बस सुटता सुटता कोलासबेर्ना नावाच्या छोट्या बांधकामवाल्याला गोळ्या घालतात. माफियाला हप्ता द्यायला नकार दिला, एवढाच गुन्हा. तपास उत्तर इटलीतल्या पार्माहून आलेल्या पोलीस कॅप्टन बेलोदीकडे. सुरुवात फक्कड, पण निम्म्यातच खुनी कळतो, हुकूम देणाराही कळतो. शेवटी रोमपर्यंत सूत्रं हलतात, प्रतिष्ठित मंडळी खोटी साक्ष देतात आणि सगळे सुटतात. लेखकाने डाव अर्ध्यावर मोडला, आणि आपण त्याला 'वास्तववादी' म्हणतोय!

तिरकस: अहो, खुनी कोण हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गोळीबारानंतर पोलीस येईस्तोवर बसमधले प्रवासी एकेक करून सटकतात. बेसनाच्या तळलेल्या वड्या विकणारा तर बसला खेटून उभा होता. गोळ्या कोणी झाडल्या विचारल्यावर हा म्हणतो, "का हो, गोळीबार झाला?" माहीत असूनही कोणी का बोलत नाही, इथे खरी गोम आहे.

शेवटचं पान: प्रसंग झकास आहे, वाद नाही. पण एवढंच सांगायचं तर लेख लिहावा. पोलिसी तपासाचा घाट घेतलात की वाचकाचं देणं लागता.

निमूट: माझी हरकत वेगळी. खुनाचा हुकूम देणारा माफियाचा म्होरक्या डॉन मारियानो चौकशीत माणसांची पाच दर्जांत वर्गवारी करतो आणि वर कॅप्टनला सांगतो, तुम्ही खरे पुरुष. कॅप्टनही म्हणतो, तुम्हीसुद्धा! पुस्तक मिटल्यावर लक्षात कोण राहतो? डॉनच. मेलेल्या कोलासबेर्नाचं कोणाला काय?

तिरकस: निमूट, त्याच चौकशीत कॅप्टन डॉनच्या जमिनीचं पीक आणि त्याच्या बँकांतल्या ठेवी समोरासमोर मांडतो, ते विसरलात? खून सिद्ध होत नसेल तर पैसा धरा, हे बेलोदीला १९६१मध्ये कळलं होतं. माफियावाल्यांची बँक खाती तपासायचा आणि मालमत्ता जप्त करायचा कायदा इटलीत आला १९८२मध्ये.

शेवटचं पान: आणि तोही कधी? तो कायदा मांडणारे खासदार पिओ ला तोरे एप्रिलमध्ये आणि माफियाशी लढायला पालेर्मोला पाठवलेले जनरल दाल्ला किएझा सप्टेंबरमध्ये मारले गेल्यावर. कादंबरीमुळे नव्हे.

तिरकस: कादंबरीमुळे आला असं म्हटलंय कोणी? शाशाने स्वतःच शेवटच्या टिपणात लिहिलंय की पूर्ण मोकळेपणाने लिहिता आलं नाही. अब्रुनुकसानीच्या भीतीने वर्षभर काटछाट केली. मंत्र्याला बेड्या घालणारा शेवट तुम्हाला हवाय, तो कोणत्या तोंडाने लिहायचा त्याने?

शेवटचं पान: बेड्या नकोत. बेलोदी रजेवर पार्मात बसून ठरवतो की सिसिलीला परत जायचं, तिथे डोकं फुटलं तरी चालेल. मला तिथून पुढची कादंबरी हवी होती.