आजीच्या पैठणीचा जरीकाठ: मोडीत द्यावा की नव्या साडीला लावावा?

मृण्मयी_ना
आजीची नऊवारी पैठणी आहे, जांभळी, नारळी काठ. रेशीम पार विरलंय, घडी उघडली की आडवं फाटतं, पण काठ आणि पदर अजून शाबूत आहेत, फक्त काठ जरा काळपट झालाय. जुन्या जरीच्या साड्या घेणाऱ्याकडे आई विचारून आली तर तो वजनावर पैसे देतो म्हणाला. मला ते अजिबात पटत नाहीये. काठ काढून दुसऱ्या साडीला लावता येतो का?

काठपदर
प्लीज मोडीत देऊ नका!! ते लोक साडी जाळून चांदी काढतात आणि तेवढ्याचेच पैसे देतात, विणकामाची किंमत शून्य. काळपट झालाय म्हणजे उलट चांगली खूण आहे, खऱ्या जरीत रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची चपटी तार गुंडाळतात आणि वर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, तो झिजला की खालची चांदी हवेने काळी पडते. खात्री करायची तर कडेचा सुटलेला एखादा धागा काढून नखाने खरवडा, आत पांढरी चमक दिसली तर चांदी, तांबूस दिसलं तर तांब्याची टेस्टेड जर, आणि प्लॅस्टिकची असेल तर धागा जाळल्यावर वितळून गोळा होतो.

येवल्याची_सून
काठ नक्की लावता येतो. पैठणीत काठ वरून शिवलेला नसतो, दोन्ही काठांना आणि मधल्या अंगाला वेगवेगळे धोटे (आडवा धागा नेणारी नळी) चालवून तिन्ही एकत्रच विणलेले असतात, त्यामुळे अगदी कडेला कापलं तर सगळं उसवत जातं. अंगाचं अर्धा इंच कापड काठाला राहू द्या आणि तेवढंच आत दुमडून हातशिलाई करून घ्या. नऊवारीचे दोन काठ मिळून साधारण १६ मीटर होतात आणि सहावारीला दोन्ही बाजूंना मिळून ११ मीटर लागतो, म्हणजे फाटका भाग वगळूनही पुरेल. फक्त नवं कापड चांगलं जाड रेशीम घ्या, जॉर्जेट-शिफॉनला एवढ्या जरीचं वजन पेलत नाही, काठ लोंबतो.

मृण्मयी_ना
धागा खरवडून बघितला, आत पांढराच आहे!! आईला दाखवला, तीही आता द्यायचं नाही म्हणतेय. काळेपणा घालवायला चिंच किंवा टूथपेस्ट लावू का?

काठपदर
नको नको, त्याने उरलासुरला मुलामापण जाईल आणि आतलं रेशीम कुजेल. मऊ सुती कापडाने हलकं पुसा बस. नंतर मलमलमध्ये गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, सेंट अंगावर मारायचा तो साडी नेसायच्या आधी. आणि वर्षातून दोनतीनदा घडी बदला, त्याच त्याच घडीवर जर तुटते.

येवल्याची_सून
पदराचे तुकडे मात्र करू नका हं ताई, तो अख्खाच नव्या साडीला जोडा. टेलरकडे द्यायच्या आधी मागून पातळ सुती अस्तर लावून घ्या, नाहीतर ओढ बसून पदरावर विणलेल्या मोरांच्या कडेला फाटेल.