विषय: ह्यांचा बायपास, आणि टीडीआयचा (टेम्पररी डिसॅबिलिटी, म्हणजे आजारपणातल्या पगाराचा विमा) फॉर्म कुणी भरलाय का?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मीटिंगला आम्ही दोघं का नव्हतो ते बऱ्याच जणांना कळलं असेलच, ह्यांना छातीत दुखलं म्हणून अर्जंट केअरला गेलो ते तिथूनच अँब्युलन्सनी हॉस्पिटल आणि चौथ्या दिवशी बायपास. आता घरी आहेत, मऊभात बघून चिडचिड करतायत म्हणजे बरे आहेत असं समजायचं.

लिहायचं कारण वेगळं. मला वाटायचं इन्शुरन्स आहे ना, मग झालं. पण मॉर्गेज ह्यांच्या अकाउंटमधून, विजेचं बिल ह्यांच्या ईमेलवर, ओटीपी ह्यांच्या फोनवर आणि फोन हॉस्पिटलच्या प्लास्टिक पिशवीत, लॉक! बोट लावून उघडावा म्हणून आयसीयूत गेले तर नर्स बघतच राहिली. लग्नाला २४ वर्षं झाली आणि आमचं डिडक्टिबल (इन्शुरन्स सुरू व्हायच्या आधी खिशातून भरायची रक्कम) किती ते मला सांगता येईना. त्यात लेक कॉलेजात आजारी पडली, तर हेल्थ सेंटरवाले म्हणे ती १९ ची आहे, तिच्या परवानगीशिवाय तुम्हाला काही सांगणार नाही.

असल्या वेळी एकमेकांच्या वतीनं बोलता यावं, सही करता यावी, ह्याचे कागद करायला वकील लागतो का? आणि ह्यांच्या पगाराचं काय होणार?

---

वहिनी,

पगाराचं आधी, कारण त्याला मुदत आहे. न्यू जर्सीत आपल्या पेस्टबमधून, म्हणजे पगारातून, टीडीआयचे पैसे कापतात, कुणी बघत नाही. त्यातून आजारपणात पगाराच्या ८५ टक्के (वर कमाल मर्यादा आहे), जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतात. पण अर्ज ३० दिवसांच्या आत, डॉक्टरांनी त्यांचा भाग भरायला हवा, आणि कंपनीचा प्रायव्हेट प्लॅन असेल तर अर्ज तिकडे. तुम्ही त्यांच्यासाठी रजा घेतलीत तर एफएलआय (फॅमिली लीव्ह इन्शुरन्स), १२ आठवडे. एफएमएलए (रजेचा फेडरल कायदा) वेगळं हं, ते नोकरी राखतं, पैसा देत नाही. हिच्या किमोच्या वेळी मीच ह्यात घोळ घातला होता.

बाकीच्यांनो, लाँग टर्म डिसॅबिलिटी (लांबलेल्या आजारपणाचा विमा) पगाराच्या ६० टक्के देते म्हणून खूश होऊ नका, प्रीमियम कंपनी भरत असेल तर त्या ६० वर टॅक्स लागतो. आणि आजार निघाल्यावर घ्यायला जाल तर आधी मेडिकल प्रश्नावली पुढे करतात, तेव्हा ह्या ओपन एन्रोलमेंटला (कंपनीत विमे निवडायचे दिवस) बघून घ्या.

हेल्थ केअर प्रॉक्सीला (आपण शुद्धीवर नसताना उपचाराचं कुणी ठरवायचं तो कागद) वकील लागत नाही. दोन सज्ञान साक्षीदार नाहीतर नोटरी, फक्त ज्याला प्रॉक्सी नेमलं तो साक्षीदार नको. आम्ही कोजागिरीला मसाला दूध पितापिता मित्रांच्या सह्या घेतल्या, हिनं मला शिव्या घातल्या की सणाच्या दिवशी हे काय काढलंत. बँकेत मात्र तो कागद चालत नाही, त्याला ड्युरेबल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी (पैशाच्या व्यवहारांचं मुखत्यारपत्र), ती वकिलाकडूनच करा. लेकीकडून प्रॉक्सी आणि हिपाचा फॉर्म (तिची मेडिकल माहिती तुम्हाला द्यायची परवानगी) दोन्ही घ्या.

---

काका, मी एच वन व्हिसावर, नोकरीसाठी एकटाच आहे इथे. आईबाबा साताऱ्याला, त्यांना रात्री दोनला फोन करून कोण विचारणार व्हेंटिलेटर लावू का म्हणून. रूममेट चालेल का प्रॉक्सी म्हणून? आणि आजारपणात जॉब गेला तर इन्शुरन्स पण गेला ना?

---

रूममेट चालतो, १८ च्या वरचा हवा आणि त्याला आधी विचार रे बाबा. इन्शुरन्सला कोब्रा आहे, म्हणजे नोकरी गेल्यावरही तोच विमा चालू ठेवायची सोय, सहसा १८ महिने, पण कंपनीचा वाटाही तूच भरायचा, वर २ टक्के. घ्यायचं की नाही ठरवायला ६० दिवस असतात. नोकरी गेल्यावर व्हिसाचा ग्रेस पिरियड पण जास्तीत जास्त ६० दिवसांचाच, तो वेगळा मोज.

---

काका, फॉर्म आज अपलोड केला, २३ वा दिवस होता, तुमचा मेल दहा दिवस उशिरा आला असता तर संपलंच होतं. (एच वनवाल्या बाळा, रूममेट नाही म्हणाला तर आमचं नाव घाल, आणि रविवारी जेवायला ये.)

फोनचा पासकोड ह्यांनी शेवटी सांगितला, वाण्याच्या वहीत लिहून ठेवलाय.

आणि हो, डबे परत न्या. 'कु. सौ.' कोरलेला चार पुडाचा स्टीलचा कुणाचा आहे?